काळा पट्टा आणि लाल माती

जून महिना लागला की आमच्या चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी दोन प्रकारची जाहिरातपत्रके हाती पडू लागतात. पहिली बियाण्यांची आणि दुसरी शिकवणीवर्गांची. अलीकडे या दुसऱ्या प्रकारात एक नवी भर पडली आहे. पांढरा गणवेश आणि कमरेस काळा पट्टा असलेला, एक पाय डोक्याच्याही वर उचललेला तरुण त्या पत्रकावर असतो. त्याखाली ‘शासनमान्य’, ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’, ‘मुलींसाठी आत्मसंरक्षण’, ‘दहावी-बारावीला क्रीडागुण’, ‘नोकरीत आरक्षण’ अशी आश्वासनांची उतरंड रचलेली असते.

असेच एक पत्रक घेऊन आमचे एक शेजारी गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकाकडे आले. ते एका कार्यालयात कारकून आहेत. मासिक शुल्क, गणवेशाचे पैसे, दर तीन महिन्यांनी होणाऱ्या पट्ट्याच्या परीक्षेचे शुल्क आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्राचे आणखी शुल्क, असा सगळा हिशेब त्यांनी पत्रकाच्या पाठीवर मांडलाच होता. त्यांचा प्रश्न मात्र हिशेबाचा नव्हता. ते म्हणाले, “सर, पैसा तं कसाही देईन, पन हे खरं हाय का खोटं हाय, हे मले कसं समजावं?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. कारण हा प्रश्न केवळ एका वर्गाचा नसून, ज्या वस्तूची पारख गिऱ्हाइकास करता येत नाही अशा प्रत्येक वस्तूच्या बाजाराचा आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकास त्यात रस वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

न दिसणाऱ्या मालाचा बाजार

जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो परत पाठविला होता. पुढे २००१ साली त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचे खरे रूप विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास ठाऊक नाही, अशी स्थिती असेल, तर घेणारा सर्वच मालास मध्यम प्रतीचा समजून मध्यम भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता हळूहळू बाजारातून उठून जातो आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. म्हणजे फसवणुकीचे नुकसान केवळ फसलेल्या गिऱ्हाइकाचे होत नाही. प्रामाणिक विक्रेत्याचेही होते. जो कराटे किंवा ज्यूदोचा शिक्षक वर्षभर एकच डाव घोटून घेतो आणि कच्च्या विद्यार्थ्यास पट्टा नाकारतो, त्याच्याकडे मुले टिकत नाहीत. शेजारच्या वर्गात तर तीन महिन्यांत रंग बदलतो!

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. बियाण्याची पिशवी कितीही देखणी असली तरी आत काय आहे ते पेरल्यावर आणि पाऊस पडल्यावरच कळते. आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणूनच १९६६ च्या बियाणे कायद्याखाली प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी राहिली. पिशवीला रंगीत खूणचिठ्ठी असते. पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी. पण निळ्या रंगाला जी किंमत आहे ती रंगामुळे नव्हे. त्या रंगामागे पिकाची शेतावर झालेली तपासणी आणि प्रयोगशाळेतील उगवणशक्तीची चाचणी उभी असते. सोयाबीनचे बियाणे शंभरात किमान सत्तर दाणे उगवले नाही तर त्यास निळी चिठ्ठी मिळत नाही. विशेष म्हणजे बियाणे विकणारे महाबीज आणि बियाणे प्रमाणित करणारी राज्याची यंत्रणा, या दोहोंची मुख्यालये अकोल्यातच असली, तरी त्या दोन निराळ्या संस्था आहेत. विकणारा एक आणि कसाला लावणारा दुसरा, हे त्या व्यवस्थेचे मर्म आहे.

आता हीच फूटपट्टी पट्ट्यांच्या वर्गास लावून पाहावी. शिकविणारा तोच, परीक्षा घेणारा तोच, परीक्षेचे शुल्क घेणारा तोच आणि प्रमाणपत्रावर सही करणाराही तोच, किंवा त्याचाच कोणी ज्येष्ठ स्नेही. अशा परीक्षेत कोणी नापास झाल्यास नुकसान परीक्षकाचेच व्हावयाचे. मग तेथे कोणीच नापास होत नाही, यात नवल ते काय?

पट्ट्याची कुळकथा

रंगीत पट्टा ही हजारो वर्षांची पौर्वात्य परंपरा आहे, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुस्थिती तशी नाही. टोकियो विद्यापीठात राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकलेल्या जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली एका बौद्ध मंदिराच्या खोलीत कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली. ‘गो’ या बैठ्या खेळात खेळाडूंच्या श्रेणी लावण्याची जी रीत होती ती त्याने उचलली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिली श्रेणी दिली. काळा पट्टा त्यानंतर आला. पांढरा आणि काळा यांच्यामध्ये पिवळ्या, नारिंगी, हिरव्या, निळ्या रंगांची जी शिडी आज दिसते, ती तर १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकविणाऱ्या कावाइशी नावाच्या ज्यूदो शिक्षकाने रूढ केली. प्रगती डोळ्यांना दिसली नाही तर युरोपीय विद्यार्थी कंटाळून निघून जातात, हे त्याने ओळखले होते.

कराटेची हकीगतही अशीच. ओकिनावा बेटावरील गिचिन फुनाकोशी यांनी ती कला १९२२ साली टोकियोत नेली आणि श्रेणींची पद्धत कानोंकडून घेतली. तेव्हा पट्टा हा शिक्षकाच्या सोयीचा आणि विद्यार्थ्याच्या उत्साहाचा एक आधुनिक उपाय आहे. तो वाईट नाही, पण तो पुरावाही नाही.

येथे कोणी म्हणेल की, कानोसुद्धा स्वतःच शिकवीत होते आणि स्वतःच श्रेणी देत होते. मग आजच्या वर्गचालकास दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे. पण कोदोकानमध्ये ‘रांदोरी’ नावाचा नित्याचा सराव होता. त्यात समोरचा भिडू आधी ठरल्याप्रमाणे पडत नाही. तो आपल्यालाच पाडावयास पाहतो. श्रेणी कागदावर काही लिहिलेली असो, चटईवर ती रोज सर्वांसमक्ष तपासली जात होती.

मातीतली परीक्षा

हे वाचताना आपल्याकडील तालमीचे चित्र डोळ्यांसमोर येणे अपरिहार्य आहे. आखाड्यात पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हते, वस्तादाची फी अनेकदा नारळ आणि दक्षिणा एवढीच असे. तरीही खरा वस्ताद कोण आणि बोलघेवडा कोण, हे पंचक्रोशीतील शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. याचे कारण जत्रेतील आमदंगल. हजार लोकांच्या देखत, डफड्याच्या तालावर जोड लागे; पंच दुसऱ्या गावचा; आणि पाठ मातीस टेकली की टेकली! त्यावर कोणाची सही लागत नसे. हरलेल्या पठ्ठ्याबरोबर त्याच्या वस्तादाचीही परीक्षा होऊन जात असे.

मल्लखांबाची पुनर्स्थापना करणारे बाळंभटदादा देवधर यांची दंतकथा प्रसिद्ध आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात बाहेरून आलेल्या मल्लांनी आव्हान दिले तेव्हा बाळंभटदादांनी सप्तशृंगीवर जाऊन उपासना केली आणि त्यांना मारुतीकडून ही विद्या लाभली, असे सांगतात. उगम दैवी म्हणून कोणी मानावा वा न मानावा. पण त्या कथेचा शेवट काय आहे? दृष्टान्त झाला म्हणून दरबाराने त्यांना मानले नाही; त्यांनी कुस्ती जिंकली तेव्हा मानले. दंतकथेलाही अखेर फडात उतरावे लागले.

याउलट आजच्या काही वर्गांत उगमाची कथा हाच पुरावा मानला जातो. कराटेचा आद्यगुरू बोधिधर्म हा भारतीय होता, त्याने ही विद्या चीनमधील शाओलिन मठात नेली, म्हणजे ही मुळात आपलीच, असे पालकसभेत सांगितले जाते. ऐकून छाती फुगते. परंतु तांग हाओ या चिनी इतिहासकारानेच १९३० च्या दशकात दाखवून दिले आहे की, बोधिधर्माच्या नावावर खपविला जाणारा ग्रंथ फार अलीकडचा असून या कथेला इतिहासाचा आधार नाही. आणि समजा, कथा खरी असती, तरी त्यावरून आपल्या गल्लीतील शिक्षकास हात-पाय नीट चालविता येतात, एवढेही सिद्ध होत नाही.

अमरावतीचे उदाहरण

खरी संस्था कशी असते हे पाहावयास आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आज शंभरी ओलांडून उभे आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची व कबड्डीची प्रात्यक्षिके जगापुढे केली. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविण्याचे कार्य तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मंडळ जुने आहे म्हणून ते खरे, असा युक्तिवाद येथे करावयाचा नाही. जुनी संस्थाही पोकळ होऊ शकते. मुद्दा असा की, या मंडळाने आपली विद्या अनोळखी आणि परक्या नजरांपुढे मांडली. आज तेथील महाविद्यालयाची पदवी मंडळ स्वतःच्या मर्जीने देत नाही, ती विद्यापीठाकडून मिळते.

स्वामी कुवलयानंद यांचेही उदाहरण असेच बोलके आहे. बडोद्यास माणिकरावांच्या व्यायामशाळेत घडलेल्या या गृहस्थाने १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले, तेव्हा योगाविषयीचे दावे केवळ श्रद्धेवर सोडून न देता क्षकिरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासले. जे आढळले ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. ज्यास आपल्या विद्येचा भरवसा असतो, तो परीक्षेस भीत नाही. किंबहुना, परीक्षा कोणीतरी दुसऱ्याने घ्यावी, असा आग्रह तोच धरतो.

‘नोंदणीकृत’ म्हणजे काय?

पत्रकावरील नोंदणी क्रमांक पाहून अनेक सुशिक्षित पालकही निःशंक होतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी म्हणजे अशी संस्था अस्तित्वात आहे एवढाच दाखला होय. काही माणसे एकत्र आली, त्यांनी घटना लिहिली, कागद दाखल केला, क्रमांक मिळाला. त्या कार्यालयात कोणी लाथ मारून दाखवीत नाही. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दास तर कोणाचीच परवानगी लागत नाही.

क्रीडागुण आणि आरक्षण यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तथापि त्यासाठी खेळ मान्य असावा लागतो, स्पर्धा मान्य संघटनेची आणि ठरावीक दर्जाची असावी लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात व्हावी लागते. वर्गातल्या वर्गात मिळालेल्या पट्ट्याचा येथे काडीइतका उपयोग नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या आधारे नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आलेली आहेत. त्यात प्रमाणपत्र विकणारा बहुधा मोकळा राहतो आणि विकत घेणाऱ्या मुलाचे आयुष्य खराब होते. कराटे ‘ऑलिंपिकमधील खेळ’ असल्याचेही सांगितले जाते. तो २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत होता. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमातही त्यास स्थान मिळालेले नाही. हे सांगणारा शिक्षक मिळाला तर तो जपून ठेवावा.

सर्वांत महाग फसवणूक

पैसे बुडाले तर ते पुन्हा मिळविता येतात. पण या बाजारात एक फसवणूक अशी आहे की तिची भरपाई होत नाही. ती म्हणजे मुलीला दिलेला खोटा आत्मविश्वास. दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर देशभर आत्मसंरक्षणाच्या शिबिरांची लाट आली. समग्र शिक्षा अभियानाखाली शाळांतून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने मुलींना तीन महिन्यांचे प्रशिक्षण देण्याची योजनाही आहे. हेतूबद्दल दुमत नाही. मुलीने मोकळेपणाने ओरडावे, हात सोडवून पळावे, घरी येऊन न लाजता सांगावे, एवढे जरी शिबिरात शिकविले तरी ते सोन्याचे आहे. परंतु सात दिवसांच्या शिबिरात, कधीही प्रतिकार न करणाऱ्या मैत्रिणीवर चार हातवारे करवून घेऊन ‘आता तुला कोणाचे भय नाही’ असे सांगून प्रमाणपत्र देणे, हे निकस बियाण्याहून वाईट आहे. बियाणे उगवले नाही तर हंगाम जातो. येथे काय जाईल, ते लिहिण्याचीही गरज नाही.

दुसरी बाब शिस्तीच्या नावाखाली चालणाऱ्या बंद दाराची. गुरूस प्रश्न विचारू नये, आत काय शिकवितात ते घरी सांगू नये, आईबापांनी सराव पाहू नये, असे जेथे सांगितले जाते, तेथून मूल त्याच दिवशी काढून घ्यावे. तालमीत पठ्ठे लंगोटावर असत, पण तालमीचे दार उघडे असे. येणारा-जाणारा कट्ट्यावर बसून पाहू शके. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा आता हाताशी आहे. असा गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे हाच त्याखाली गुन्हा आहे. पण कायदा घटनेनंतर धावतो. उघडे दार आधीच रक्षण करते.

यावर काही वाचक म्हणतील, सर्वांनाच काही मल्ल व्हावयाचे नसते. मुलाचा व्यायाम होतो, शिस्त लागते, मोबाइल सुटतो, एवढे पुरे नाही का? अवश्य पुरे आहे. मल्लखांब काय, लेझीम काय, यांत कोणाशी लढावे लागत नाही आणि तरीही ते अस्सल आहेत. फक्त जे विकावयाचे ते त्याच्या खऱ्या नावाने विकावे. व्यायाम व्यायाम म्हणून विकावा, आत्मसंरक्षण म्हणून नव्हे. छंद छंद म्हणून विकावा, नोकरीची हमी म्हणून नव्हे.

शंभर दाणे ओल्या गोणपाटात

मग शासनाने परवाने द्यावेत काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. परवाना आला की परवान्याचाही बाजार भरेल. त्यापेक्षा जिल्हा क्रीडा कार्यालयाने कोणत्या खेळाच्या, कोणत्या संघटनेच्या, कोणत्या स्पर्धा मान्य आहेत याची यादी दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावी. आपले सभागृह वा मैदान अशा वर्गांना देणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी एवढीच अट घालावी की, पट्ट्याच्या परीक्षेस निम्मे परीक्षक बाहेरचे असतील, वर्षातून एकदा दुसऱ्या वर्गातील मुलांशी सर्वांसमक्ष लढती होतील आणि पालकांना सराव कधीही पाहता येईल.

आणि पालकांनी? पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. त्यास ना पैसा लागतो, ना तज्ज्ञ. तशीच ही चाचणी आहे. पैसे भरण्यापूर्वी आठवडाभर वर्गाच्या कडेला बसून पाहावे. शिक्षकास विचारावे : आपण कोणाकडे शिकलात, आणि त्यांना मी विचारू शकतो काय? गेल्या परीक्षेत किती मुले नापास झाली? सरावात समोरचा मुलगा खरोखर विरोध करतो काय? आपली मुले बाहेर कोठे हरून आली आहेत? वर्ग मध्येच सोडल्यास काय होते? शेवटपर्यंतचा एकूण खर्च किती? या प्रश्नांवर जो रागावतो, त्याचे उत्तर मिळालेच म्हणून समजावे. जो हसून म्हणतो, “हो, हरलो होतो, या, सांगतो”, त्याच्या पत्रकावर एकही पदक नसले तरी चालेल.

आमचे शेजारी त्या वर्गावर जाऊन आले. नापास किती झाले, या प्रश्नास त्यांना मोठ्या अभिमानाने उत्तर मिळाले की, आमच्याकडे निकाल नेहमी शंभर टक्के असतो. त्यांनी पत्रक तिथेच ठेवले आणि घरी परतले. मुलगा काही दिवस रुसला होता, हेही सांगितले पाहिजे. त्याला पट्टा हवा होता. वडिलांनी त्यास एवढेच सांगितले की, शंभराचे शंभर दाणे उगवलेले आपण आजवर कधी पाहिले नाहीत, आणि कोणी पाहिले म्हणाला तर त्याच्याकडून बियाणे घेत नाही.